वेळेआधी पोहोचलेला उजेड

१

विश्वात प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही आणि निर्वातात त्याचा वेग कुणाच्या बापाला बदलता येत नाही, हे सत्य धाराशिव जिल्ह्यालाही लागू आहे. फक्त निर्वात जिल्ह्यात सहज मिळत नाही. म्हणून इथल्या एका कॉलेजात हर्षाली बारकूल ही मुलगी काचेच्या तारेतून प्रकाश सोडून त्याला उशीर करायला लावत होती. उशीर करायला लावणं हे आपल्याकडं अवघड काम समजत नाहीत. त्यामुळं भौतिकशास्त्र विभागाबाहेर तिचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

यंत्रणा दिसायला साधी. टेबलावर एक काळी पेटी. पेटीत केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेचं रीळ, आणि त्या काचेत एर्बियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य चिमूटभर मिसळलेलं. एका टोकानं डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरचा ठोका आत सोडायचा, दुसऱ्या टोकाला तो उचलायचा. पडद्यावर दोन उंचवटे उमटतात. डावीकडचा ठोका आत गेल्याचा, उजवीकडचा बाहेर आल्याचा. दोघांमधलं अंतर म्हणजे एर्बियमनं लावलेला उशीर. या अंतरावर हर्षालीचा प्रबंध उभा होता, आणि प्रबंधावर हर्षाली. येरमाळ्याहून रोज एसटीनं येऊन ती तासिका तत्त्वावर शिकवायची. पीएचडी हातात पडली तर कायमची नेमणूक मिळणार होती. नाही पडली तर तासिकाही जाणार होत्या, कारण त्या तासिकांवर संस्थेतल्या कुणाच्या तरी भाच्याचा डोळा होता.

नवरात्र चालू असताना, सहाव्या माळेला, कलबुर्गीहून बाहेरचे परीक्षक आले. डॉ. श्रीशैल बिराजदार. तारीख खरं तर दसऱ्यानंतरची होती, पण त्यांनी ती अलीकडं ओढली. प्रयोगशाळेत पंखा गरगरत होता. हर्षालीचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख प्रा. कृष्णराज पडवळ दाराशी उभे होते. हर्षालीनं बटण दाबलं.

बाहेर आल्याचा उंचवटा डावीकडं उमटला.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा डावीकडं.

"हा बाहेर आल्याचा ना?" बिराजदारांनी विचारलं.

"हो सर."

"आणि हा आत गेल्याचा."

"हो सर."

"म्हणजे आत जायच्या आधी बाहेर आला."

कृष्णराजांनी भिंतीला हात टेकला. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. वीस वर्षं नोकरी केलेल्या त्या माणसानं कॉलेजात कोणतीही गोष्ट वेळेआधी झालेली पाहिली नव्हती.

२

"हे अशक्य नाहीय," बिराजदार चष्मा पुसत म्हणाले, आणि सगळ्यांना आणखी एक धक्का बसला. "एर्बियमला दुसऱ्या लेसरनं सतत उजेड पाजत राहिलं की असंच होतं. त्याला आपण पंप म्हणतो. पंप बंद तर ठोका उशिरा, पंप जोरात तर ठोका लवकर. पुस्तकात आहे. प्रश्न वेगळाच आहे. या बाईंनी प्रबंधात लिहिलंय, 'कोणताही पंप न वापरता.' पंपाशिवाय हे होत नाही. म्हणजे पंप लपवून लावलाय, किंवा प्रबंधातले आकडे घरी बसून केलेत."

"सर, पंप टेबलावर नाहीच," हर्षाली म्हणाली. "तो त्या कपाटात कुलूपबंद आहे. मी वापरतच नाही."

"कपाट उघडा."

किल्ली सापडेना.

बिराजदारांनी घड्याळाकडं पाहिलं. "संध्याकाळच्या गाडीनं मला परत जायचंय. तोवर खुलासा झाला तर ठीक. नाहीतर मी 'लबाडी' असा स्पष्ट शब्द लिहिणार. आणि कुणी पेटीला हात लावायचा नाही. आहे तशी राहू द्या."

प्राचार्यांना कळवलं तेव्हा ते एका सत्कारात होते. सत्कार त्यांचाच असल्यानं ते उठू शकत नव्हते. त्यांनी संस्थेच्या सदस्य शिवलीला मुळजे यांना फोन केला. शिवलीलाताई निवृत्त न्यायाधीश. मूळच्या उमरग्याकडच्या, कानडी आणि मराठी दोन्हींत सारख्याच तोडून बोलणाऱ्या.

त्या आल्या, पडद्याकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मला भौतिकशास्त्र कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण उशीर कळतो. माझं आयुष्य त्यात गेलं. आणि एखादं काम वेळेआधी झालं की त्यात कुणाचा तरी हात असतो, हेही कळतं. पोरी, मला आधी सांग, हा उजेड खरंच जाण्याआधी आला का?"

"नाही मॅडम. तुळजापूरच्या गर्दीचं बघा. रांग दरवाजातून आत चाललीय. पुढच्या लोकांच्या ओळखीचे दहा-दहा जण मध्येच घुसले, तर गर्दीचा दाट भाग पुढं सरकल्यासारखा दिसतो. पण पहिला माणूस काही आधी पोचत नाही. पंपामुळं ठोक्याची पुढची बाजू फुगते, एवढंच."

"म्हणजे कुणी धावलं नाही. ओळखीचे घुसले."

"हो."

"मग हे आपल्याकडचंच आहे," शिवलीलाताई म्हणाल्या. "आता मला सांग, इथलं रीळ कुणी बदललं असेल का? चांगलं नेऊन साधं ठेवलं असेल?"

"साधी तार असती तर उंचवटे एकावर एक आले असते. ना उशीर, ना घाई. हे रीळ माझंच आहे." हर्षाली पडद्याकडं वळली. "म्हणूनच मला भीती वाटतेय. सगळं माझंच आहे, आणि तरी चुकतंय."

शिवलीलाताईंची नजर जमिनीवर होती. कुलूपबंद कपाटाच्या पायाशी दोन-तीन पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या.

३

आधी नंदीश हत्तरगे यांना बोलावलं. शेजारच्या खोलीत बसणारे सहकारी. ही प्रयोगशाळा रिकामी करून तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढावी, असा अर्ज ते दरवर्षी करत. कपाटातला पंप त्यांच्याच नावावर होता.

"माझ्यावर संशय येणार हे मला ठाऊक होतं," नंदीश म्हणाले. "मी पडवळांना तोंडावर सांगितलंय, तुमचा उजेड हळू चालतो तोवर पोरं पुढारी होऊन जातील."

"पंपाची किल्ली?"

"घट बसायच्या आदल्या दिवशी पडवळांनी मागून घेतली. 'यादी जुळवायचीय' म्हणाले. मी दिली. मला काय करायचीय? माझ्याकडं अजून पुस्तकांनाच कपाट नाही."

"कपाटात वीज आहे का?"

"मागच्या बाजूला प्लग आहे. साधा. आमच्या खोलीच्या लाइनवरचा. इन्व्हर्टर फक्त या टेबलाला आहे, कारण हे शास्त्रज्ञ." त्यांनी 'शास्त्रज्ञ' हा शब्द उलट्या हातानं फेकला.

"काल तुम्ही इथं होतात?"

"काल दुपारी हिची तालीम झाली. मी दारातून पाहिली. अंधारात, घामानं डबडबून. उजेड मस्त उशिरा येत होता. मला वाईटच वाटलं."

शिवलीलाताईंनी मान वर करून पंख्याकडं पाहिलं. पंखा गरगरत होता. त्या बराच वेळ त्याच्याकडंच पाहत राहिल्या.

४

मग उत्तरेश्वर आला. प्रयोगशाळेचा परिचर. कपाळाला कुंकवाचा मळवट आणि अनवाणी. घट बसल्यापासून त्यानं चप्पल घातली नव्हती, आणि दसऱ्याच्या आत तो तुळजापूरला चालत जाऊन येणार होता. त्याच्या हातात दोन ताटं होती.

"पाहुण्यांना पोहं आन उपाशी मानसाला साबुदाना वडं," तो म्हणाला. "घ्या मॅडम."

"उत्तरेश्वर, सकाळी खोली तुम्ही उघडली?"

"व्हय जी. झाडून घेतली, टेबल पुसलं."

"पेटीला हात लावला?"

"म्या कशाला लावतोय? हर्षालीबाई जीव घेतील. फडकं मारलं वरच्यावर." तो जरा घुटमळला. "पर एक सांगू का. पेटीच्या फटीतनं हिरवा उजेड येत व्हता. बारीक. म्हनलं, मशीनचा दिवा आसंल."

हर्षाली खुर्चीवरून उठली. "हिरवा?"

"हिरवा. राव्यावानी."

"मॅडम, पंप चालू असला की एर्बियमची तार हिरवी चमकते. दुसऱ्या कशानं चमकत नाही." ती कपाटाकडं पाहत होती. "म्हणजे आत्ता, या क्षणी, कपाटातला पंप चालू आहे. मागून तार पेटीत आलीय. आम्ही बाहेरून बघतोय आणि तो आत जळतोय."

बिराजदारांच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबला.

"यानंच केलं असणार," नंदीश उत्तरेश्वरकडं बोट करत म्हणाले. "पडवळांच्या टेबलावरून किल्ली यानंच उचलली असेल. उपास, अनवाणी, कपाटाखाली फुलं. कपाटात घट मांडला असेल यानं. मागं एकदा रसायनशास्त्राच्या कपाटात समई ठेवून पडदा पेटवला होता कुणीतरी. तेव्हापासून प्रयोगशाळेत दिवा लावायला बंदी आहे."

"तवा म्या नव्हतो जी त्या विभागात," उत्तरेश्वर म्हणाला. परिचराच्या नोकरीला परीक्षकाच्या एका वाक्यानं काय होतं, हे त्याला माहीत होतं.

शिवलीलाताईंनी एक पाकळी उचलून तळहातावर घेतली. "तरवडाचं फूल आहे. माळेचं. नंदीशराव, तुमचं बरोबर आहे, कपाटात घट आहे. पण यांचा नाही. हे कपाळभर मळवट भरून, अनवाणी, सगळ्या कॉलेजसमोर नवरात्र करतात. उघड उपास करणाऱ्याला कपाट लागत नाही. कपाट लागतं ते ज्याला उघड करता येत नाही त्याला."

५

प्रा. कृष्णराज पडवळ समोर येऊन बसले. गावोगाव फिरून 'विज्ञाननिष्ठ जीवन' या विषयावर व्याख्यानं देणारा माणूस. गेल्या महिन्यात तामलवाडीत त्यांनी असं भाषण केलं की ऐकून दोन म्हाताऱ्या रडल्या. दिव्यावरच्या बंदीचं परिपत्रकही त्यांच्याच सहीचं होतं.

"पोहे घ्या," शिवलीलाताई म्हणाल्या.

"नको. पित्त आहे."

"मग हे?" त्यांनी दुसरं ताट पुढं सरकवलं.

कृष्णराजांनी न बघता साबुदाण्याचा वडा उचलला. शेंगदाण्याच्या तेलात तळलेला, तेल निथळणारा. एक खाल्ला. दुसरा उचलला.

सगळे त्यांच्याकडं पाहत होते. दुसरा वडा अर्ध्यात असताना कृष्णराजांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तो ताटात परत ठेवला, पण उशीर झाला होता.

"पोह्यानं होणारं आणि साबुदाणा वड्यानं न होणारं पित्त माझ्या ऐकिवात नाही," शिवलीलाताई म्हणाल्या. "किल्ली काढा, सर."

कृष्णराजांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. टेबलावर तिचा आवाज बारीकच झाला, पण हर्षाली दचकली.

"सर, तुम्ही?" ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं कपाट उघडलं. आत खालच्या कप्प्यात पत्रावळीवर माती, मातीत पिवळसर उगवलेलं धान, मधोमध घट, वर तरवडाच्या माळा. शेजारी नंदीशच्या नावाचा पंप चालू. त्यातून निघालेली केसाएवढी तार कपाटाच्या मागून टेबलाखाली आणि तिथून काळ्या पेटीत. बिराजदारांनी स्वतः पेटीचं झाकण उचललं. आत रीळ हिरवंगार पेटलं होतं.

उत्तरेश्वरनं नकळत हात जोडले. बिराजदारांचेही अर्धे जोडले गेले. त्यांनी ते खिशात घातले.

"बोला," शिवलीलाताई म्हणाल्या.

"नवस होता," कृष्णराज जमिनीकडं बघत म्हणाले. "ही माझी पहिली विद्यार्थिनी. हिची पीएचडी झाल्याशिवाय माझंही पुढं सरकत नाही. मी म्हटलं, आई, हिचा प्रयोग पार पडू दे, नऊ दिवस तुझा नंदादीप हिच्या प्रयोगाच्या उजेडानंच तेवत ठेवीन. घरी माझ्या आईनं मांडलेला घट असतो. त्याला मी वीस वर्षं नावं ठेवतोय. तिथं कोणत्या तोंडानं बसू?"

"आणि तेलाचा दिवा?"

"बंदी आहे. सही माझी आहे."

"सर, तुम्ही मला शिकवलंत की पंपानं सगळं उलटतं," हर्षाली म्हणाली. ती ओरडत नव्हती, त्यामुळं ते ऐकवत नव्हतं. "तुम्ही शिकवलंत. मग सकाळपासून मला लबाड म्हणताहेत आणि तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात?"

"मी विझवणार होतो गं. तारीख अलीकडं आली म्हणून काल सकाळी विझवणारच होतो. हात होईना. म्हटलं, तालमीत काय होतं ते बघू. आणि तालीम बिनचूक झाली. दिवा लावलेला असताना. उशीर जागच्या जागी. मी चार वेळा आकडे तपासले." त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं, देवीनं सांभाळून घेतलं. दिवाही राहिला आणि प्रयोगही. आज असं होईल हे... मला बोलताच येईना."

"अनुभवातून निष्कर्ष," बिराजदार पुटपुटले. "पद्धत बरोबर आहे."

६

"तर मग बंद करा तो पंप," नंदीश म्हणाले. "पुन्हा करा प्रयोग. सोपं आहे."

कुणी हललं नाही. उत्तरेश्वर हात मागं बांधून उभा राहिला. "म्या इझवनार न्हाय. नवमीच्या आत न्हाय."

"हर्षाली, तू कर," नंदीश म्हणाले.

हर्षाली कपाटासमोर गेली. बटणावर बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं. येरमाळ्यात वाढलेल्या मुलीला एर्बियमच्या ऊर्जापातळ्या तोंडपाठ असल्या तरी कुणाच्या नवसाचा दिवा कसा विझवायचा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं बिराजदारांकडं पाहिलं.

"मी परीक्षक आहे," बिराजदार घाईनं म्हणाले. "मी यंत्रणेला हात लावणं नियमात बसत नाही."

"तुम्ही, नंदीशराव?" शिवलीलाताईंनी विचारलं.

"पंप माझ्या नावावर आहे," नंदीश म्हणाले. "घट नाही." आणि ते दोन पावलं मागं सरकले.

एका मुलीची पीएचडी, दोन डॉक्टर, एक होऊ घातलेली डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश, आणि एक बटण. संध्याकाळची गाडी बिराजदारांना दिसू लागली होती. त्यांनी पेन काढलं.

"थांबा," शिवलीलाताई म्हणाल्या. "कुणी काही विझवायचं नाही. हर्षाली, पेटी बंद कर, यंत्रणा लावून तयार बस. श्रीशैल, स्वल्प कूतकोळ्ळी, जरा बसा. आणखी एक पोह्याची डिश घ्या."

"कशाची वाट बघायची?" कृष्णराजांनी विचारलं.

"काल तालीम बरोबर झाली. आज नाही. काल आणि आज यात फरक काय, एवढंच मी सकाळपासून शोधतेय. पेटी तीच, तार तीच, दिवा तोच. नंदीशरावांनी सांगितलं आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही. काल अंधार होता आणि ही घामानं डबडबली होती. आज पंखा चालू आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता.

पोहे झाले. चहा झाला. आभाळ तापलं. बाहेर कुणाच्या तरी मंडळाच्या भोंग्यावर देवीचं गाणं लागलं होतं. ते मध्येच तुटलं. पंख्याचा वेग कमी झाला, पाती दिसू लागली, आणि तो थांबला.

भारनियमन.

टेबलावरच्या इन्व्हर्टरनं एक बारीक शीळ घातली. पडदा चालूच राहिला. कपाटातला पंप मुकाट्यानं बंद पडला होता, आणि वीज आली की तसाच मुकाट्यानं पुन्हा लागणार होता.

"दाब," शिवलीलाताई म्हणाल्या.

हर्षालीनं बटण दाबलं. एक उंचवटा डावीकडं उमटला. मग, सावकाश, कुणालाही घाई नसल्यासारखा, दुसरा त्याच्या उजवीकडं उमटला. उशिरा. प्रबंधात लिहिला होता तेवढाच.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढाच. बिराजदारांनी स्वतः दाबून पाहिलं, वेगवेगळ्या लांबीचे ठोके सोडून पाहिले, आणि अंधारातच खिडकीपाशी जाऊन सही केली. "लबाडी" या शब्दासाठी सोडलेल्या जागेत त्यांनी "समाधानकारक" लिहिलं. हर्षाली टेबलाला धरून खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. कृष्णराज तिच्याकडं गेले. काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिनं हातानंच त्यांना थांबवलं. ते थांबले.

थोड्या वेळानं ते शिवलीलाताईंकडं वळले.

"म्हणजे काल तालमीच्या वेळी..." त्यांनी कपाटातल्या बंद पंपाकडं पाहिलं. "काल दिवा लागलेलाच नव्हता."

"नव्हता."

"मग काल दुपारीच नवसात खंड पडला."

शिवलीलाताईंनी उत्तरेश्वरकडं पाहिलं. तो रिकामी ताटं एकात एक ठेवत होता.

"काय हो उत्तरेश्वर, वीज कधीपासनं जातेय?"

"रोजच जाती जी," उत्तरेश्वर म्हणाला. "घट बसला त्या दिशी तर दोनदा गेल्ती."